उमेदवारी : जुनी आणि नवी



आजच्या व्याख्यानाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून आले तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "उमेदवारीवर बोलणार, म्हणजे निवडणुकीवर बोलणार काय?" प्रश्न रास्तच होता. हल्ली उमेदवार हा शब्द मतदानाच्या बाहेर फारसा ऐकू येत नाही. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत, छापखान्यात, वकिलाच्या बैठकीत, लोहाराच्या शाळेत जो मुलगा पुढे काम मिळेल या उमेदीवर आधी काम शिकायला बसे, तो उमेदवार. आणि त्याचे ते शिकणे ही उमेदवारी. आता तिच्या जागी 'इंटर्नशिप' हा शब्द आला आहे. शब्द कोणताही वापरा, माझी तक्रार नाही. शब्दाबरोबर वस्तूही हरवली की काय, एवढीच माझी शंका आहे, आणि तीच आज आपल्यापुढे मांडायची आहे.

या शहरात दरवर्षी हजारो मुलेमुली अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्याच शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत चार-सहा माणसे घेऊन बसलेले नवे उद्योगही आहेत. त्यांना आपण स्टार्टअप म्हणतो. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' ही योजना सुरू केली. तेव्हापासून सरकारदरबारी मान्यता मिळालेल्या अशा उद्योगांची संख्या दीड लाखाच्या वर गेली असून त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. म्हणजे शिकणारे हात इथे आहेत आणि हातांना काम देऊ शकणारी माणसेही इथेच आहेत. पण दोघांची ओळख नाही. विद्यार्थी दूरच्या मोठ्या कंपनीच्या दाराकडे डोळे लावून बसतो, आणि उद्योजक म्हणतो की मला कामाची माणसे मिळत नाहीत.

आता कोणी म्हणेल, इंटर्नशिप तर सर्वच महाविद्यालयांत सक्तीची आहे, मग अडचण काय? अडचण अशी की, ज्याची सक्ती होते त्याचा कागद आधी तयार होतो. महाविद्यालयाला प्रमाणपत्र हवे असते, विद्यार्थ्याला गुण हवे असतात, आणि प्रमाणपत्र देणारी दुकाने तर जागोजाग उघडली आहेत. काही ठिकाणी उमेदवारालाच पैसे मोजावे लागतात. घरबसल्या चार चित्रफिती पाहाव्या, पाच प्रश्नांची उत्तरे द्यावी, की 'सहा आठवड्यांचा प्रत्यक्ष कार्यानुभव' छापील अक्षरांत हाती पडतो. ज्याने काम केले नाही त्याला काम केल्याचा दाखला मिळतो. जो खरोखर शिकून आला त्याच्या दाखल्याची किंमतही त्यामुळे उतरते. हे नुकसान किरकोळ नाही.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे मात्र नाही. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली निघाले, ते 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने. बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे यांच्या कामांवर देखरेख करणारी माणसे हवी होती, म्हणून ती शाळा निघाली. काम आधी होते, वर्ग नंतर आला. पुढे वर्ग वाढत गेला आणि काम त्याच्यापासून दूर सरकले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, मग लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना घातला. त्या माळावर तयार अभियंते कोठून येणार? अनंतराव फळणीकरांसारखी शाळा सोडलेली माणसे तिथे हातात काम घेऊन कल्पक यंत्रज्ञ झाली. शिक्षक स्वतः कारखान्यात उभा होता, म्हणून कारखाना शाळा होऊ शकला, हे त्यातले मर्म आहे.

परदेशांत हीच गोष्ट नियमांत बांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९०६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात झाला. हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी २७ विद्यार्थी घेऊन एक पद्धत सुरू केली. दोन-दोन मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाने आठवडाभर वर्गात बसायचे, दुसऱ्याने कारखान्यात जायचे, आणि पुढच्या आठवड्यात जागा बदलायच्या. कारखान्याची जागा रिकामी राहत नाही आणि वर्गही चालू राहतो. श्नायडर यांचा मुद्दा साधा होता. काही गोष्टी वर्गात शिकवता येतात, काही फक्त कामावरच शिकता येतात. मग दोन्ही ठिकाणी पाठवण्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु मला आज सविस्तर सांगायचे आहे ते कॅनडातील वॉटर्लूविषयी. ओंटारिओ प्रांतात किचनर आणि वॉटर्लू ही दोन जुळी गावे आहेत. एका काळी तिथे रबर, पादत्राणे आणि लाकडी सामान यांचे कारखाने होते. राजधानी नाही, बंदर नाही, जुने नामांकित विद्यापीठ नाही. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या रोटरी क्लबपुढे आयरा नीडल्स या गृहस्थांनी एक भाषण केले. नीडल्स हे टायर बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. देशाला दीड लाख अभियंते व तंत्रज्ञ लागतील, आणि ते घडवायचे असतील तर विद्यापीठ व कारखाना यांनी मिळून शिकवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऐकायला बसली होती ती गावचीच माणसे: कारखानदार, व्यापारी, व्यावसायिक. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या जुलैत, पंचाहत्तरच्या आसपास विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग तात्पुरत्या उभारलेल्या इमारतींत भरला. तीन महिने वर्ग, तीन महिने काम, असा क्रम ठरला. त्या काळच्या विद्वान मंडळींनी नाके मुरडली. हे विद्यापीठ की कामगारभरतीचे कार्यालय, असेही विचारून झाले.

त्यानंतर काय घडले? आज त्या विद्यापीठात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी चार महिने वर्ग आणि चार महिने काम अशा पद्धतीने शिकतात. १९८४ साली माइक लाझारिडिस या विद्यार्थ्याने शिक्षण अर्धवट सोडून त्याच गावात एक छोटी कंपनी काढली. तिनेच पुढे ब्लॅकबेरी फोन बनवला. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी शब्दकोश संगणकावर आणण्याच्या कामात हे विद्यापीठ गुंतले होते. त्या कामातून १९९१ साली ओपन टेक्स्ट ही कंपनी निघाली. अशा कंपन्यांत विद्यापीठाची मुले चार-चार महिने काम करून गेली आणि त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या. ब्लॅकबेरीचे फोन बाजारातून गेले, पण त्या कंपनीत शिकलेली माणसे गावात उरली आणि त्यांनी दुसरे उद्योग उभे केले. गावाला खरी मिळकत झाली ती या माणसांची.

हे यश कशामुळे मिळाले ते नीट पाहिले पाहिजे. नाहीतर आपण फक्त नाव उचलू. पहिली गोष्ट, तिथे उमेदवाराला पगार मिळतो. दुसरी, विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा अहवाल लिहायचा असतो आणि काम देणाऱ्यानेही विद्यार्थ्याविषयी लेखी मत द्यायचे असते. तिसरी, विद्यार्थी एकदाच जाऊन येत नाही. पदवी मिळेपर्यंत तो पाच-सहा वेळा कामावर जातो, आणि प्रत्येक वेळी वर्गात परत येताना नवे प्रश्न घेऊन येतो. चौथी, विद्यापीठात या एकाच कामासाठी नेमलेली माणसे आहेत. उमेदवार ठेवणाऱ्या व्यवसायाला तिथले प्रांत सरकार करात सवलत देते.

भारतातही याचे एक जुने उदाहरण आहे. पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ साली 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केले. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात दोन महिने आणि शेवटच्या वर्षी साडेपाच महिने विद्यार्थी कारखान्यात किंवा संस्थेत जातात. त्यातला विशेष असा की, विद्यार्थ्यांना धाडून शिक्षक मोकळे होत नाहीत. त्यांच्या देखरेखीसाठी संस्थेचा अध्यापक कामाच्या ठिकाणाशी जोडलेला असतो.

सरकारने काही केले नाही असेही म्हणता येणार नाही. १९६१ साली उमेदवारीचा कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्यात आले. आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून अधिक माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने स्थानिक उद्योगांत उमेदवारी करण्याची शिफारस केली आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत १ कोटी तरुणांना देशातील पहिल्या ५०० कंपन्यांत उमेदवारी देण्याची योजना जाहीर झाली. पण ती योजना मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यात जागा नाही. म्हणजे शिकत असलेली मुलगी आणि सहा माणसांचा उद्योग या दोघांची गाठ घालून देण्याचे काम अजून कोणाचेच नाही. ते कोणाचे असावे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

लहान उद्योगात विद्यार्थी असे काय शिकतो, हे एका उदाहरणाने सांगतो. माझा एक विद्यार्थी दूधसंकलन केंद्रांसाठी यंत्रे करणाऱ्या एका छोट्या उद्योगात पाच महिने होता. गावच्या केंद्रावर पहाटे शेतकरी दूध घालतो, यंत्र त्याचे वजन आणि फॅट मोजते, त्यावरून दर लागतो आणि हातात पावती पडते. या मुलाने नोंदीची आज्ञावली लिहिली. खोलीतल्या टेबलावर ती बिनचूक चालली. पण एका केंद्रावरून तक्रार आली की काही शेतकऱ्यांचे दूध पावतीवर आहे आणि खात्यात नाही. मुलाने आपली आज्ञावली दहा वेळा तपासली, चूक सापडेना. तेव्हा त्या उद्योगातल्या बाईंनी, ज्या त्याला शिकवीत होत्या, त्याला दोन दिवस त्या गावी पाठवले. पहाटे साडेपाचला केंद्रावर उभा राहिल्यावर त्याला उलगडा झाला. त्या वेळी गावातले पाण्याचे पंप सुरू होत, विजेचा दाब क्षणभर उतरे आणि यंत्र बंद पडून पुन्हा चालू होई. पावती आधी छापली जात होती आणि नोंद मागाहून होत होती. मधल्या त्या क्षणात शेतकऱ्याचे चार लिटर दूध हवेत विरून जात होते. त्याने क्रम बदलला: आधी नोंद, मग पावती. बदल चार ओळींचा होता. पण त्या चार ओळींच्या मागे एका कुटुंबाचे दहा दिवसांचे पैसे आहेत, हे त्याला त्या ओट्यावर कळले. हे ज्ञान मी त्याला वर्गात देऊ शकलो नसतो.

यात त्या बाईंचे काम किती महत्त्वाचे होते, हे लक्षात घ्या. त्यांनी चूक स्वतः दुरुस्त केली असती तर अर्ध्या तासात काम संपले असते. त्यांनी मुलाला गावी धाडले, परतल्यावर काय पाहिले ते विचारले आणि दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घेतली. मार्गदर्शक म्हणतात तो हा. खुर्ची आणि संगणक दिला की उमेदवारी होत नाही. आपला अर्धा तास वाचवण्याचा मोह आवरणारे कोणीतरी शेजारी बसावे लागते.

इथे उद्योजकाचीही बाजू ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "माझ्याकडे माणसे पाच. मुलाला कामाचा करायला दोन महिने लागतात, आणि तो कामाचा झाला की परीक्षेला निघून जातो. माझ्या पदरात काय?" ही तक्रार खरी आहे. चार-सहा आठवड्यांच्या उन्हाळी उमेदवारीत उद्योजक नुसता देतो, घेत काहीच नाही. म्हणून मुदत सलग पाच-सहा महिन्यांची असावी, आणि शक्य तिथे तोच विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच ठिकाणी जावा.

पालकांचीही एक भीती असते. "ती कंपनी सहा महिन्यांत बंद पडली तर?" पडू शकते, पुष्कळ पडतात. पण उमेदवार तिथे नोकरी करायला गेलेला नसतो. बंद पडणारा उद्योग का बंद पडतो, गिऱ्हाईक पैसे का थकवते, चांगली वस्तू का खपत नाही, हे विसाव्या वर्षी जवळून पाहणे हेही शिक्षणच आहे. पुढेमागे स्वतःचा धंदा काढायचा असेल तर ते शिक्षण फार उपयोगी पडेल.

आता थोडे अप्रिय बोलतो. पुष्कळ ठिकाणी उमेदवाराला एक पैसाही मिळत नाही. "शिकायला मिळते हे काय थोडे आहे?" असे सांगितले जाते. जुन्या कचेऱ्यांतला उमेदवारही असाच वर्षानुवर्षे फुकट राबे, आणि ती चाल काही अभिमानाची नव्हती. फुकट उमेदवारी कोणाला परवडते? ज्याच्या वडिलांचे या शहरात घर आहे त्याला. बीडहून किंवा नंदुरबारहून आलेल्या, खाणावळीचा डबा लावून राहणाऱ्या मुलीला सहा महिने बिनपगारी राहणे परवडत नाही; ती संध्याकाळच्या शिकवण्या घेते आणि घरबसल्या मिळणारे प्रमाणपत्र आणते. मग आपण म्हणतो की ग्रामीण मुले अनुभवात कमी पडतात. ती कमी पडत नाहीत, त्यांना दारातूनच परत पाठवलेले असते. मुलींच्या बाबतीत कामाच्या वेळा, जाण्या-येण्याची सोय आणि कचेरीतली सुरक्षितता यांची चौकशी आधी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन केली पाहिजे. 'सर्व ठीक आहे' अशा पत्रावर विसंबून चालणार नाही.

पैशाचा हिशेब मांडून पाहू. महिना १०,००० रुपये आणि मुदत सहा महिने, म्हणजे एका विद्यार्थ्यामागे ६०,००० रुपये. निम्मे उद्योजकाने द्यावे आणि निम्मे गावाने उभारावे. वीस विद्यार्थ्यांसाठी गावाचा वाटा ६ लाख रुपये होतो. या शहरातल्या एका बऱ्यापैकी लग्नाच्या मांडवात आणि जेवणावळीत याहून अधिक रक्कम एका संध्याकाळी उठते. तेव्हा पैसा नाही हे कारण आपण पुढे करू नये.

माझी सूचना मोठी नाही. या शहरातील एखाद्या वाचनालयाने किंवा मंडळाने एक नोंदवही ठेवावी. ज्या छोट्या उद्योगाला उमेदवार हवा त्याने एका पानात तीन गोष्टी लिहून द्याव्या: काम कोणते, शिकवणार कोण, आणि मोबदला किती. शिकवणाऱ्याचे नाव नसेल तर नोंद घेऊ नये. आठवड्यातून दोन तास त्याने विद्यार्थ्याबरोबर बसावे आणि महिन्यातून एकदा महाविद्यालयाच्या अध्यापकाने त्या जागी जाऊन यावे. शेवटी विद्यार्थ्याने आपण काय केले ते अशाच एखाद्या सभागृहात, तुमच्यासारख्या श्रोत्यांपुढे, मराठीत सांगावे. ज्याला आपले काम शेजाऱ्याला समजेल असे सांगता येते त्याला ते खरोखर समजले आहे, असे मी मानतो. खोटे प्रमाणपत्र या परीक्षेत टिकत नाही.

या सभागृहात निवृत्त अभियंते, हिशेबनीस, कारखान्यांचे माजी व्यवस्थापक पुष्कळ बसले आहेत. लहान उद्योगाला वेळ नसतो, आणि आपल्याजवळ तो आहे. आठवड्याचे दोन तास आपण दिले तर शिकवणाऱ्याची उणीव बरीचशी भरून निघेल. नव्या यंत्रांची भाषा आपल्याला येत नाही म्हणून मागे राहू नका. ठरल्या दिवशी काम पुरे कसे करावे, गिऱ्हाइकाचे म्हणणे कसे ऐकावे, चूक झाली तर ती कोणाला आणि केव्हा सांगावी, हे ज्ञान जुने होत नाही.

हे सारे आजच का करायचे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. आज्ञावली लिहिण्याचे प्राथमिक काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत करून देतात. नव्या पदवीधराला कंपनीत पहिली एक-दोन वर्षे जी सोपी कामे मिळत आणि जी करता करता तो तयार होई, तीच कामे यंत्राकडे चालली आहेत. जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या तर मुलांनी वर चढावे कसे? यंत्र चार ओळी लिहून देईल. पण पहाटे साडेपाचला दूधकेंद्रावर उभे राहून चूक कुठे आहे हे हुडकण्याचे काम माणसाचेच राहणार आहे. ते शिकण्याची जागा आपण मुद्दाम तयार केली नाही, तर ती आपोआप तयार होणार नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि देशी उद्योगधंद्यांचा विचार लोकांपुढे मांडण्यासाठीही ते आयुष्यभर झटले. लोकांना विचार ऐकवणे आणि लोकांकडून काम उभे करणे या गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. वॉटर्लूच्या नागरिकांनी एक भाषण ऐकले आणि वर्षभराच्या आत वर्ग भरवला. माझे भाषण त्या योग्यतेचे नाही हे मी जाणतो. पण श्रोते तुम्ही त्यांच्यापेक्षा कमी आहात असे मी कधीही म्हणणार नाही. वीस मुलांपासून आरंभ करा. दहाच मिळाली तर दहांपासून करा.